सातव्या माळेचा हुकूम

अडुसष्टच्या नवरात्रात घट बसले त्याच दिवशी माझ्या सासूबाईंनी, तानुबाईंनी, माझ्या गोळ्यांची पुडी पेटीत टाकून कुलूप लावलं. "देवीचे नऊ दिवस औषध-बिषध काई नाई. आता बरी झाली ना तू?"

झाले होते बरी, खोटं कशाला बोलू. आधी दोन वर्षं मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. अकोल्याच्या डॉक्टरांच्या या गोळ्यांनीच उठून चुलीपुढे बसले. एकदम बंद करू नका, हेही त्यांनी बजावलं होतं. पण मोताळ्यातल्या आमच्या घरात डॉक्टरपेक्षा सासूचा शब्द मोठा.

तिसऱ्या माळेपासून हाल सुरू झाले. मळमळ, घाम, उठलं की घर गरगर फिरायचं. डोळा लागला की असली स्वप्नं पडायची, की जागं राहिलेलं बरं. उगाच रडू यायचं. मालकांना रोज सांगायचे, "मले अकोल्याले न्या हो." त्यांचं ठरलेलं उत्तर, "घट उठू दे." एरवी भांडणात मी कोणाला हार जात नाही, पण आता तोंड उघडायचंही त्राण नव्हतं.

सातव्या माळेला आरतीच्या वेळी माझं अंग थरथर कापायला लागलं. अंबाडा सुटला, लुगडं घामानं भिजलं. शेजारची गोजरबाई ओरडली, "कोकिळाच्या अंगात आली वं!" झालं! सगळी आळी गोळा झाली. कुणी कुंकू लावलं, कुणी ओटी भरली. मला येडी म्हणणाऱ्या सासूबाई पायांवर डोकं ठेवून म्हणाल्या, "माय, काय चुकलं आमचं? काय पाह्यजे तुले?"

मला फक्त आडवं व्हायचं होतं. खरं बोलले असते, तर पुन्हा तेच, घट उठू दे. मनातल्या मनात देवीची माफी मागितली आणि उरलासुरला आवाज काढला, "इच्या गोळ्या इले द्या. उद्या पयल्या गाडीनं डाक्टरकडे न्या."

गोळी तीर्थासोबत आली, चांदीच्या वाटीतून.

सकाळी एस.टी.त मालकांनी मला खिडकीची जागा दिली. मग त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांग, देवीच होती ना?"

मी डोळे मिटूनच म्हणाले, "तुमी माह्यं आयकलं असतं, त तिले काऊन या लागलं असतं?"