तळ्याकाठच्या सेप्टिक टाकीची कैफियत

नाक दाबू नका, मित्रांनो. मी जुनी आहे, सिमेंटची आहे आणि जमिनीखाली आहे. माझा वास तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. तळ्याच्या काठी सुट्टीसाठी भाड्याने मिळणारे एक घर आहे. त्याच्या अंगणात, उतारावर, चार बोल्टांनी घट्ट बसवलेले एक चौकोनी झाकण दिसते. लोक त्यावर ओले टॉवेल वाळत घालतात. त्या झाकणाखाली मी असते. मी त्या घराची सेप्टिक टाकी.

एका गवंड्याने मला अकरा दिवसांत बांधले. बाराव्या दिवशी त्याने माझ्यात पाणी भरले, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली आणि दोन दिवस वाट पाहिली. पाणी खुणेखाली उतरले नाही. "थेंब गळत नाही पठ्ठी," तो म्हणाला. माझे कौतुक म्हणाल तर एवढेच. त्यानंतर कुणी माझ्याबद्दल चांगला शब्द काढल्याचे मला आठवत नाही.

माझे काम साधे आहे. घरातून जे येते ते मी थांबवून ठेवते. जड असते ते तळाशी बसते, तो गाळ. तेलकट असते ते वर साय धरते. मधले पाणी तेवढे पलीकडच्या शोषखड्ड्यात जाते आणि तिथली खडी-वाळू ते गाळून जमिनीत मुरवते. खरे कष्ट मात्र माझ्या पोटातल्या कोट्यवधी जिवाणूंचे. त्यांना हवा लागत नाही, उजेड लागत नाही, शाबासकीही लागत नाही. तुम्ही ज्याच्याकडे वळूनही पाहत नाही ते पचवत ते बसलेले असतात.

तेव्हा घाणीची किळस मला येत नाही. ती आमची रोजची भाकरी. मला किळस आली ती एकदाच, आणि ती एका अतिशय स्वच्छ कुटुंबाची.

ते चार दिवसांसाठी आले. आई, बाबा, बाबांची थोरली बहीण आणि सात वर्षांची एक मुलगी. मुलगी पाण्यातून निघायची नाही म्हणून तिला सगळे बेडकी म्हणत. बाबा पुलांचे इंजिनिअर होते. घरातले बोलणे मला नळांतून ऐकू येते, मोरीतले तर अगदी स्वच्छ.

"कोण कोण येऊन लोळून गेलं असेल इथे! शी! कुणी कशाला हात लावू नका," आत्याबाई दारातूनच म्हणाल्या.

"अहो ताई, मावशींनी सकाळीच पुसून घेतलंय सगळं," आई म्हणाली. मावशी म्हणजे घराची देखभाल करणाऱ्या बाई. त्या फाटकाजवळच्या खोलीत राहतात.

"मावशींचं पुसणं म्हणजे एकच फडकं, ओट्यापासून संडासापर्यंत. मला नका सांगू."

आत्याबाईंनी पिशवीतून जंतुनाशकाच्या सहा बाटल्या काढल्या आणि बेसिन, मोरी, कमोड असे करत सगळ्या ओतल्या. जंतू मारायला ओतलेले ते औषध माझ्यापर्यंत आले आणि त्याने आपले काम चोख केले. संध्याकाळपर्यंत माझ्या पोटातली निम्मीशिम्मी वस्ती मेली. गाळ पचायचा थांबला.

त्यानंतर ओले रुमाल आले. पाकिटातून एकेक ओढून काढायचे, लिंबाच्या वासाचे, ते. कागद पाण्यात विरघळतो. या रुमालांत प्लास्टिकचे धागे असतात, ते विरघळत नाहीत. म्हणूनच मावशींनी कमोडच्या वर पाटी लावली होती: यात काहीही टाकू नये. आत्याबाईंना पाटी कळकट वाटली. त्यांनी ती ओल्या रुमालाने लखलखीत पुसली आणि रुमाल कमोडमध्ये टाकला.

तीन दिवसांत साठ-सत्तर रुमाल आले. एकमेकांत गुंतून त्यांचा पीळ झाला आणि तो शोषखड्ड्याकडे जाणाऱ्या माझ्या नळीत बूच मारल्यासारखा बसला. आता पाणी आत येत होते, बाहेर जात नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी ते मोरीच्या जाळीतून उलटे वर आले. आत्याबाईंनी त्यावर गुलाबाच्या वासाचा फवारा मारला. गुलाबात कालवलेला तो मैला आठवला की आजही मला शिसारी येते.

"मावशींना हाक मारू या," आई म्हणाली.

"आणि काय सांगणार? आमच्यामुळे तुंबलं? शोभतं का आपल्याला? हा एवढे पूल बांधतो, याला एक मोरी निघायची नाही?"

"बघतो मी उद्या सकाळी," बाबा म्हणाले.

मित्रांनो, त्या घराची मोरी माझ्या झाकणापेक्षा दोन हात उंचावर आहे. मोरीपर्यंत चढलेले पाणी कोंडले होते ते केवळ माझ्या झाकणाने. ते उघडले तर काय होईल हे पाचवीतला मुलगाही सांगेल. चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी चारही बोल्ट काढले आणि झाकण उचलले.

जे व्हायचे तेच झाले. पाणी उसळून वर आले, त्यांच्या चपलांवरून गेले आणि उताराने थेट तळ्याकडे निघाले. न पचलेला गाळ, साय, सगळे घेऊन. मी अडवू शकले नाही. बाबांनी झाकण कसेबसे परत टेकवले आणि झाडाखालचा पालापाचोळा पायाने ओढून त्या ओघळावर पसरला. वरून नीट दिसावे म्हणून ते दोन पावले मागे जाऊन पाहूनही आले.

तेवढ्यात बेडकी पोहायच्या कपड्यांत धावत आली. तळ्यात थोड्या अंतरावर लाकडी तराफा बांधलेला होता. शेवटच्या दिवशी तिथपर्यंत पोहत जायचे असे बाबांनी तिला कबूल केले होते.

"आज नको. पाणी फार गार आहे," बाबा म्हणाले.

"कालही गारच होतं." तिने पाचोळा पाहिला. नाक मुरडले. "बाबा, हे आपलं आहे?"

"हळू बोल."

पाण्यात शेजारच्या घरातली दोन भावंडे होती. धाकटा तोंडात पाणी भरून मोठ्याच्या अंगावर चूळ टाकत होता आणि खिदळत होता.

"मग त्यांना सांगा ना."

"बेटा, आपण तासाभरात निघणार आहोत. तोवर वाहून जाईल ते."

"कुठे वाहून जाईल?"

तळ्याला दुसरे दार नसते.

बेडकी तशीच काठावर पळत गेली. "बाहेर या! तोंडात पाणी घेऊ नका! आमच्या संडासाचं पाणी आलंय तळ्यात!"

काठावरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. आत्याबाई घराच्या पायरीवरून हात हलवत धावल्या. "अगं हळू! सगळ्यांना ऐकू जाईल!"

"म्हणूनच ओरडतेय, आत्या!"

धाकट्याने तोंडातले पाणी थुंकले. दोघे धडपडत बाहेर आले. त्यांच्या आईने त्यांना नळाखाली धरले आणि आमच्या घराकडे अशी नजर टाकली की आत्याबाई गाडीत जाऊन काचा वर करून बसल्या.

मावशी आल्या. त्यांनी आधी घराचा पाण्याचा नळ बंद केला, मग टँकरवाल्याला फोन लावला. रबरी हातमोजे घातलेल्या त्या माणसाने मला उपसले आणि नळीतून तो पीळ ओढून काढला. "वेणी बरी घातलीत हो," तो एवढेच म्हणाला. बाबा तोवर काठावर बेडकीशेजारी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, पाण्यात उतरू नका, चूक माझी आहे. पहिल्या दोघांना सांगताना त्यांचा आवाज फुटत नव्हता. तिसऱ्याला नीट ऐकू गेले.

पाण्याचा नमुना तपासणीला गेला. तळे तीन आठवडे बंद राहिले. बेडकी तराफ्यापर्यंत पोहोचली नाही. धाकट्याला दोन दिवस जुलाब झाले, पण तो बरा झाला, असे मावशी फोनवर कुणाला तरी सांगताना मी ऐकले. माझ्यातली जिवाणूंची वस्ती पुन्हा नांदती व्हायला मात्र दोन महिने गेले.

मित्रांनो, मला फुले नकोत, गुलाबाचा फवारा तर नकोच. माझ्यात कापड टाकू नका, विष ओतू नका, दोन-तीन वर्षांतून एकदा मला उपसा. आणि तुमच्या हातून कधी घाण झालीच, तर ती झाकायला पाचोळा शोधू नका. पाण्यात कोण आहे ते आधी पाहा.