पहिल्या पानापुरतं इंग्रजी

१९९८ सालच्या त्या मंगळवारी सुवर्णाबाई भलत्याच खुशीत होत्या. शहरातल्या इंदिरानगरहून रोज एसटीने निफाडजवळच्या एका गावात इंग्रजी शिकवायला येणाऱ्या या बाईंनी दोन वर्षं एकच ध्यास घेतला होता. मुलांनी धड्याबाहेरचं इंग्रजी वाचावं. शाळेतलं गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट त्यांनी मुख्याध्यापकांशी भांडून उघडलं होतं. परीक्षा नाही, प्रश्न नाहीत, आवडेल ते घरी न्या, नाही आवडलं तर बदला. सुरुवातीला पोरं तिकडे फिरकली नाहीत. आणि आता दिवाळीनंतर चक्क मुलींचे बाप शाळेत येऊन म्हणत होते, "बाई, आमच्या पोरीला बी एक इंग्लिश पुस्तक द्या." बाईंना आकाश ठेंगणं झालं होतं. भोळी बाई!

दुपारी परत आलेली पुस्तकं लावताना त्यांच्या लक्षात आलं, की अकरा पुस्तकांचं पहिलं पान बोटांच्या डागांनी मळकट झालंय आणि पुढची सगळी नवीकोरी आहेत. त्यांनी नववीतल्या छायाला बोलावलं. कपाटातली तेवीस पुस्तकं खरोखर वाचून काढणारी ती एकटीच.

"तुम्हाला नाय माहीत, बाई?" छाया खाली बघत म्हणाली. "बघायला पाव्हणे आले की पोरीला इंग्लिश वाचायला लावतात. म्हणून घरचे एक पान पाठ करून घेतात. इंग्लिशवाल्या पोरीला स्थळ चांगलं येतं." मग हळूच म्हणाली, "रविवारी माझ्याकडं येणार हायेत. दादांनी तुम्हाला बी बोलावलंय."

बाईंना शिसारी आली. आधी त्या बापांची, मग स्वतःची. वाचनाची गोडी लावतो म्हणून आपण मिरवत होतो, आणि लावत होतो काय, तर लग्नाच्या बाजारातल्या मालाला पॉलिश!

रविवारी छायाच्या वडिलांच्या, गोरक्षच्या ओसरीवर सतरंजी अंथरली होती. मुलाचे मामा चिमाजी, घोटीचे भाताचे व्यापारी, लोडाला टेकून बसले होते. शेजारी सत्तावीस वर्षांचा नवरा मुलगा. दहावीला इंग्रजीत तीनदा गचकलेला हा गडी मान खाली घालून पोहे खात होता. आईची साडी सावरत छाया पाटावर बसली. तिचं चालणं बघून झालं, सुईत दोरा ओवून झाला. मग गोरक्षने पुस्तक पुढे केलं.

"पयलं पान वाच गं."

छाया वाचू लागली. चिमाजी मामा डोळे मिटून मान डोलवत होते. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं.

पान संपलं. छायाने ते उलटलं आणि ती पुढे वाचू लागली.

"बास, बास," मामा म्हणाले.

"गोष्ट अर्धी राहिली, मामा. नावाडी पुरात अडकलाय. पुढं काय होतं सांगू?"

"आपल्याला काय करायचंय? आवाज ऐकला, झालं," मामा हसले. "लग्नानंतर कुठं वाचीत बसायचंय तुला! आमच्यात बायांनी पुस्तक घेऊन बसलेलं नाय चालत."

ओसरी हसली. नवरा मुलगाही हसला, मिशीला चिकटलेल्या पोह्यासकट.

छायाने पुस्तक मिटलं. "मग मला नाय करायचं हे लग्न. मला दहावीला बसायचंय."

गोरक्षचा चेहरा काळाठिक्कर पडला. "बाई, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकती ती."

बाईंना बोलावलं होतं ते पोरीच्या इंग्रजीचा दाखला द्यायला. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "पंधरा वर्षांची आहे ती. अठरा पुरी व्हायच्या आत कुणी सुपारी फोडली, तर मी पोलिसात जाईन. तुमचे पोहे खाल्लेत म्हणून गप्प बसणार नाही."

पाहुणे चहा न घेताच उठले.

दुसऱ्या दिवशी गावातल्या बापांनी पुस्तकं आणून शाळेच्या व्हरांड्यात आपटली. मुख्याध्यापकांनी कपाटाची किल्ली मागितली. बाईंनी ती दिली नाही. छाया सुजलेला गाल घेऊन वेळेवर आली, पहिल्या बाकावर बसली.

गावंढळ लोक, म्हणून हसलात ना? ही गोष्ट ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत वाचताय, ती पुरवणी जरा उलटा. मागच्या पानावर 'वधू पाहिजे'च्या जाहिराती आहेत. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, अस्खलित इंग्रजी बोलणारी, घरकामाची आवड असणारी. त्या देणारे घोटीचे नाहीत, तुमच्या-आमच्या जिन्यातले आहेत. किळस मला चिमाजीपेक्षा त्यांची जास्त येते. आणि धीर असेल, तर आज जेवायला बसण्याआधी आपल्या सुनेला एवढंच विचारा, या घरात आल्यापासून तिने किती पुस्तकं शेवटपर्यंत वाचली.