सतरा नंबरचं दार

मतदार यादी शाळेच्या भिंतीवर लावली होती, पण माणसाच्या डोक्याच्याही वर. वाचायची असेल तर टाचा उंच करा, नाहीतर शिडी आणा. रंगारी वहिनीकडे शिडी होती. नवरा गेल्यावर त्याचा ब्रश तिनं उचलला होता, आणि अकरा वर्षं ती लोकांच्या भिंती-दारं रंगवून घर चालवत होती. कामावर जाता जाता तिनं शिडी भिंतीला टेकवली, तीन पायऱ्या चढली आणि बोट ठेवून नावं शोधू लागली.

तिचं नाव नव्हतं. लेकीचं नव्हतं. शेजारच्या शिंपीकाकांचं नव्हतं. ते तर गल्ली वसली तेव्हापासून मत देत होते. 'मागची गल्ली' म्हणतात त्या त्यांच्या गल्लीत एक ते शेहेचाळीस अशी घरं, आणि एकाही घरातलं माणूस यादीत नव्हतं. बाजूला वेगळा कागद होता, वगळलेल्या नावांचा. एकशे त्रेचाळीस नावं, आणि प्रत्येकापुढं तोच शेरा: पत्त्यावर आढळले नाहीत.

"आढळले नाहीत?" वहिनी शिडीवरूनच ओरडली. "मी काय जंगलातला वाघ आहे का, आढळायला?"

खाली शिडी धरून लेक उभी होती. एकोणीस वर्षांची, झेरॉक्सच्या दुकानात काम करणारी. यंदा तिचं पहिलं मत. "आई, खाली ये आधी," ती म्हणाली. "भिंतीशी भांडून काय होणार? ऑफिसात चल."

निवडणूक कार्यालय शाळेला लागूनच होतं. दुकानाला असतं तसं शटर आणि आत जाळीची खिडकी. खिडकीमागचा कारकून चहात बिस्कीट बुडवत होता. वहिनीनं विचारलं तेव्हा त्यानं आधी बिस्कीट वाचवलं, मग उत्तर दिलं.

"तपासणीला माणूस गेला होता बाई. तुमच्या गल्लीत दारांवर नंबरच नव्हते. घरं ओळखायची कशी? हरकत असेल तर प्रत्येकानं स्वतः यायचं, पुराव्यासकट. उद्या पाचपर्यंत."

"उद्या? एकशे त्रेचाळीस माणसं? कामधंदा सोडून?"

"यादी आठ दिवस लागलीय. झोपला होतात का?"

वहिनी एरवी त्याची तिथंच सालटी काढती. पण दारांवर नंबर नव्हते हे खरं होतं. आणि ते कुणी पुसले हेही तिला माहीत होतं.

महिन्यापूर्वी एका दवाखान्याचं काम संपलं तेव्हा हिरव्या ऑइलपेंटचे चार डबे उरले. मालक म्हणाला, घेऊन जा. तिला वाटलं, दुसऱ्यांची दारं रंगवण्यात हयात गेली, आपल्या गल्लीची दारं मात्र खरूज झाल्यासारखी. एका रविवारी सगळी गल्ली कामाला लागली. पोरांनी दारं घासली, शिंपीकाकांनी चिंध्या पुरवल्या, वहिनीनं शेहेचाळीस दारांवर एकेक हात मारला. चांगला जाड हात. रंगाऱ्याची खोडच ती, खालचं काही दिसता कामा नये. त्यात मागच्या निवडणुकीला डांबरानं लिहिलेले घर नंबरही बुडाले. संध्याकाळी सगळ्यांनी लांब उभं राहून दारांकडं पाहिलं होतं. टेंपोवाला म्हणाला होता, "वहिनी, आता आपण माणसात आलो."

आणि त्याच रंगानं माणसातून उठलो.

जाळीपाशी लेक पुढं सरकली. "तपासणीचा अहवाल बघायचाय."

"बघ की. वाचता आला तर मलाही सांग," म्हणत कारकुनानं फाईल जाळीखालून सरकवली. लेकीनं मोबाइलवर पानाचा फोटो काढला. झेरॉक्सच्या दुकानातली पोरगी, कागद हातात आला की त्याची प्रत काढल्याशिवाय तिचा हात परत जात नाही.

कामावरून माणसं परतली तशी वहिनीनं नळापाशी सगळ्यांना जमवलं आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. "नंबर मी पुसले. माझ्या ब्रशानं. चूक माझी."

लोकांनी काय तिला ओवाळायचं होतं? "करायला गेलो गणपती अन् झाला मारुती," कुणीतरी म्हणालं. टेंपोवाला टेंपोच्या पायरीवर बसला होता, तो हसला. "जाऊ द्या वहिनी. मत गेलं म्हणजे कटकट गेली. मत देऊन कुणाचं भलं झालंय?"

तिथं मात्र वहिनी पेटली.

"तुझं झालंय! तुझंच! मागच्या वेळी तो कंत्राटदार उभा होता, आठवतंय का विसरलास? गल्ली उठवून गाड्यांचा तळ करतो म्हणाला होता. एकसष्ट मतांनी पडला. एकसष्ट! त्यात तुझं एक होतं, तुझ्या बायकोचं एक होतं. तू आत्ता ज्या जागेवर ढुंगण टेकून बसलायस ना, ती तुला मतानं राखून दिलीय. आता तोच परत उभा आहे आणि आपण यादीत नाही. कटकट गेली म्हणे! कटकट नाही, घर जाईल, घर!"

टेंपोवाला उठून उभा राहिला. बायकोच्या नजरेनं त्याला उभं केलं म्हणा.

शिंपीकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "एकसष्टनं पडलेल्याला एकशे त्रेचाळीस कापून मिळाली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. फक्त हा देव कुठल्या टेबलामागं बसतो ते कळलं पाहिजे. ए पोरी, वाच तो कागद."

लेकीनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. "'दिनांक चौदा, रविवार. सकाळी दहा ते दुपारी चार मागची गल्ली येथे समक्ष भेट दिली. घर क्रमांक दिसून आले नाहीत. रहिवासी गैरहजर आढळले. घर क्रमांक एक ते शेहेचाळीसच्या प्रत्येक दारावर नोटीस चिकटवण्यात आली.' खाली दोन साक्षीदारांच्या सह्या."

मग शिंपीकाका हळूच म्हणाले, "नंबर दिसले नाहीत, तर एक ते शेहेचाळीस मोजले कुणी? याच्या बापानं?"

पण वहिनी तारखेवरच अडकली होती. "चौदा. रविवार. अगं, त्याच दिवशी तर आपण रंगवलं."

"मग?"

"मग काय? दहा ते चार म्हणतोय मेला. सकाळी आठला पहिलं दार धरलं, पाचला शेवटचं सोडलं. दारं ओली म्हणून सगळी गल्ली बाहेर रस्त्यावर बसलेली. आणि हा म्हणतो गैरहजर! ओल्या ऑइलपेंटवर नोटीस चिकटवली म्हणे. कुठल्या गोंदानं? थुंकीनं?" तिचा आवाज चढत गेला. "तो आलाच नव्हता. दुसऱ्या कुणीतरी येऊन सांगितलं असेल, गल्लीतले नंबर गेलेत म्हणून. यानं खुर्चीत बसून लिहून टाकलं. आणि मी सकाळपासून स्वतःला खातेय, माझी चूक, माझी चूक. माझ्या चुकीवर यांनी आपलं पाप रंगवून घेतलं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्वतःच्या घराचं दार उतरवलं. दोन बिजागऱ्या, आठ स्क्रू. लेक बघतच राहिली.

"आई, दार कशाला?"

"साहेब गल्लीत येत नाही ना? मग गल्ली साहेबाकडं नेते."

"आणि घर उघडं?"

"आत आहे काय चोरायला? मत होतं, ते आधीच गेलं."

टेंपोवाल्यानं दार टेंपोत टाकलं. काल मत म्हणजे कटकट म्हणणारा तोच आज दर फेरीला आठ-दहा माणसं आणून कार्यालयापाशी उतरवत होता. कुणी मालकाला विचारून कामावरून निघालं, कुणी न विचारता. धुलाईच्या कारखान्यातल्या सात बायकांनी दिवस बुडवला. दुपारी बारापर्यंत रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली.

निवडणूक कार्यालयाच्या साहेबाच्या खोलीत दार आडवं करून न्यावं लागलं. वहिनीनं ते टेबलाला टेकवून उभं केलं. साहेब मान वर करून बघू लागला. गोरागोमटा, इस्त्रीचा माणूस, बोलायला मऊ.

"हे काय आहे, ताई?"

"सतरा नंबर. तुमच्या माणसाला सापडलं नव्हतं, म्हणून घेऊन आले."

"हे बघा, अहवाल रीतसर आहे. साक्षीदार आहेत. नोटीस लावली होती, तुम्ही लोकांनी काढून टाकली असेल."

"काढली तर खूण राहील?"

"खूण कसली?"

वहिनीनं पिशवीतून डबी काढली, उरलेल्या हिरव्या रंगाची. टोपण स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं, ब्रश बुडवला आणि दाराच्या मधोमध हातभर रुंद पट्टा ओढला. साहेब खुर्ची मागं सरकवून म्हणाला, "अहो, टेबल! टेबल!" लेकीनं अहवालाची झेरॉक्स पुढं केली. वहिनीनं तिच्या पाठीला गोंद लावून ती पट्ट्यावर थापली, तळव्यानं दाबली, आणि दहापर्यंत मोजून ओढली. कागदाच्या पाठीला हिरवा रंग आला. दारावर कागदाएवढा उघडा, ओरबाडलेला चौकोन राहिला.

"हे असं होतं ओल्या रंगावर," ती म्हणाली. "चौदा तारखेला सगळी दारं ओली होती, सकाळपासून रात्रीपर्यंत. शेहेचाळीसपैकी एका दारावर हा चौकोन दाखवा. एका. मी माझं नाव माझ्या हातानं कापून देते, आणि यापुढं जन्मात मत मागणार नाही. चला, टेंपो खाली उभा आहे."

दारात कारकून आला होता, त्याच्या मागं रांगेतली तोंडं. शिंपीकाकांनी खांद्यांमधून मान घातली. "आणि साहेब, नंबर दिसले नाहीत म्हणता, मग सतराव्या दारावर नोटीस कुणी मोजून लावली, तेही लिहून द्या. आम्हाला हिशेब शिकायचाय."

मागून हशा पिकला. साहेबाच्या चेहऱ्यावरचा मऊपणा गेला. "चौकशी करू," तो म्हणाला. "पण नावं घ्यायची तर अर्ज प्रत्येकी लागेल. नियम आहे. आणि वेळ पाचचीच."

"कापताना एका ओळीत एकशे त्रेचाळीस," वहिनी म्हणाली, "आणि जोडताना एकेक. असू दे. तुमचा नियम तुमच्या उरावर. आम्ही एकेक येतो. पण खोटा अहवाल कुणाच्या सहीचा, ती तक्रारही आजच घ्यायची. शिक्क्यासकट."

लेकीनं तक्रार लिहूनच आणली होती, तीन प्रतींत. साहेबानं दोनदा वाचली, मग शिक्का मारला. शिक्का उमटला नाही. शाई वाळलेली. त्याला परत मारावा लागला.

खिडकीवर अर्ज सुरू झाले. कारकून मुद्दाम सावकाश लिहीत होता की त्याचा हातच तसा होता, देव जाणे. एका म्हातारीचा पुरावा त्यानं दोनदा परत केला, लेकीनं दोनदा नवी झेरॉक्स आणली. चार वाजले तेव्हा एकशे एक झाले होते. पावणेपाचला एकशे पंचवीस. पाच वाजता कारकून उठला, लोखंडी आकडी घेतली आणि तिनं शटर खाली ओढू लागला. रांगेत अजून नऊ माणसं होती, शेवटी वहिनी. आपली चूक म्हणून ती सगळ्यांच्या मागं उभी राहिली होती.

शटर खडखडत खाली आलं आणि मध्येच धाडकन थांबलं. खाली सतरा नंबरचं दार उभं होतं. टेंपोवाल्यानं साहेबाच्या खोलीतून आणून ते नेमकं तिथंच टेकवलं होतं. कशाला, कुणाला सांगितलं नव्हतं.

"दार काढा!" कारकून म्हणाला.

"ओलं आहे," टेंपोवाला म्हणाला. "रंग लागेल."

"वेळ संपली!"

"रांग पाचच्या आतली आहे," लेक म्हणाली. तिनं रांगेचा फोटो काढला होता, मागच्या भिंतीवरच्या घड्याळासकट. "नियम आहे ना? तुम्हीच म्हणता, नियम."

कारकुनानं साहेबाच्या खोलीकडं पाहिलं. तिथून हाक आली नाही. कुणी वाचवायला येत नाही हे कळल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो तसा त्याचा झाला. तो परत बसला.

वहिनी खिडकीशी पोचली तेव्हा सव्वापाच झाले होते. लेकीचा अर्ज तिच्या आधी गेला होता.

"घर नंबर?" कारकुनानं मान वर न करता विचारलं.

"सतरा."

"दारावर लिहिलाय का?"

वहिनी वळली. पिशवीतून काळ्या रंगाची डबी काढली, बारीक ब्रश घेतला, आणि शटरखाली अडकलेल्या दारावर वाकून आकडे काढले. एकावर सात, प्रत्येकी वीतभर उंच. ओरबाडलेला चौकोन तिनं तसाच ठेवला. मग साडीवर घातलेल्या कामाच्या शर्टाला हात पुसत परत आली.

"आता दिसतोय का इथून? की चष्मा आणू?"

कारकुनानं पोच दिली. एकशे त्रेचाळीसावी. वहिनीनं ती घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली नाही, लेकीच्या हातात दिली.

"प्रत काढ हिची. दोन काढ. पोच म्हणजे मत नव्हे." मग कारकुनाकडं वळून म्हणाली, "अंतिम यादी शुक्रवारी लागणार ना? या खेपेला माणसाच्या डोळ्यापुढं लावा. नाहीतर मी शिडी घेऊन येईनच. आणि एक जरी नाव कमी दिसलं, तर शेहेचाळीस दारं आहेत आमच्याकडं. एका दाराला आठच स्क्रू असतात."

टेंपोवाल्यानं दार उचललं. काळा रंग ओला होता, म्हणून घरी पोचेपर्यंत ते त्याला कडेनंच धरावं लागलं.