श्रुतीच्या खोलीतला एसी

आमच्या घरात एसी एकच. मागच्या खोलीत, चौदा वर्षांचा जुना, आणि मेच्या दोन तारखेला भर दुपारी तो बंद पडला. मेल्याला दुसरा दिवस मिळाला नाही! त्याच खोलीत दहा तारखेला श्रुती यायची होती. श्रुती म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. पुण्याला असते, पहिलंच बाळंतपण, आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं हे तिच्या लग्नातच ठरलेलं. डिंक, खारीक, अळीव आणून मी डबे भरून ठेवले होते. माझ्या मऊ झालेल्या सुती साड्यांची दुपटी शिवून, धुऊन, घड्या घालून तयार होती.

"आई, मला गरमी बिलकुल सहन होत नाहीये गं," ती फोनवर म्हणाली. "पाय बघशील तर घाबरशील, इतके सुजलेत. एसी सुरू झाला की सांग, त्याच दिवशी तिकीट काढते. फक्त चोवीस तारखेच्या आत हं. त्या दिवशी बत्तीस आठवडे होतात, मग डॉक्टर प्रवास करू देणार नाहीत."

बावीस दिवस होते हातात. बावीस दिवसांत लोक लग्नं ठरवून लावून मोकळे होतात. आम्हाला एक एसी सुरू करता आला नाही.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगते. सुहास माझे यजमान. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे घरातलं कुठलंही यंत्र बिघडलं की हे यंत्राच्या बाजूने. मिक्सर असो, पंखा असो, "त्यात काही विशेष नाही, दुरुस्त होतं" हे पालुपद. मी म्हटलं, "अहो, चौदा वर्षं झाली, नवीन आणू या." तर लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकृती काढून मला कॉम्प्रेसर समजावायला बसले. बाहेर चव्वेचाळीस डिग्री, मी घामाने निथळतेय, आणि हे बाणाने दाखवताहेत की उष्णता खोलीतून बाहेर कशी जाते. डोकं फिरेल नाही तर काय?

रमेश मिस्त्रीला बोलावलं. तो तीन दिवसांनी उगवला, कारण मे महिन्यात आमच्या उज्जैनचे सगळे मिस्त्री हॉटेलवाल्यांच्या ताब्यात. बाहेरगावच्या दर्शनार्थींना गार हवा आधी, आपला नंबर नंतर. आला, गच्चीवर गेला, गॅस भरला, म्हणाला, "भाभीजी, अब देखना, कंबल ओढ़ना पड़ेगा." चौथ्या दिवशी एसी पुन्हा गरम हवा फेकायला लागला. दहा तारीख गेली. श्रुतीने तिकीट काढलं नाही.

रमेश परत आला, साबणाचं पाणी लावून बघितलं, तर बाहेरच्या युनिटची कॉइल दोन ठिकाणी गळत होती. म्हणजे आधी न बघताच गॅस भरला होता त्याने! "कॉइल बदलनी पड़ेगी. इंदौर से मँगवा दूँगा, पाँच-छह दिन समझो," तो म्हणाला.

"मागव," हे म्हणाले.

"बिलकुल मागवायची नाही," मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हटलं. "आम्ही नवीन घेतोय."

"कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, सुलभा. हल्लीच्या मशीनमध्ये तसलं तांबं तरी असतं का?"

"तांबं घेऊन काय भांडी घडवायचीत? मला माझी पोर घरी यायला हवीय!"

"पोर माझी पण आहे."

मग जे सुरू झालं ते विचारू नका. सोफा कुणी पसंत केला होता इथपासून नानाखेड्याचा प्लॉट कुणी हातचा घालवला इथपर्यंत सगळं निघालं. रमेशने शांतपणे चहा संपवला, कप धुऊन ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "आप लोग आपस में डिसाइड कर लो, फिर फोन लगा देना."

फोन कुणी लावलाच नाही. आम्ही एकमेकांशी बोलायचंच सोडलं.

आमच्याकडे बोलणं बंद झालं की एक जुनी रीत आहे. श्रुती चार वर्षांची होती तेव्हापासून तिच्यामार्फत बोलायचं. "बाबांना सांग, जेवण वाढलंय." "आईला सांग, भूक नाही." पोरगी बिचारी खोल्यांमधून पळत असायची. आता ती पुण्याला, पण रीत सुटली नव्हती. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, "झालं का गं?" की मी सुरू. "तुझ्या बाबांना सांग, हट्ट सोडा म्हणावं." माझं झालं की हे फोन ओढून घ्यायचे. "तुझ्या आईला सांग, नवीन वस्तू म्हणजे जादू नसते." ती मधेमधे काहीतरी म्हणायची. आमच्या तोंडाच्या पट्ट्यात ते ऐकू कुणाला जाणार?

त्यात नणंदबाई. अक्कांनी फोन करून आपलं मत दिलं, "बाळंतिणीला कसला गं एसी? कान बांधायचे, शेक द्यायचा, ओव्याची धुरी द्यायची. वारं लागलं तर जन्मभर कंबर धरेल." मी म्हटलं, "अक्का, मेमध्ये शेक वेगळा द्यावा लागणार नाही, खोलीत नुसतं बसलं तरी पुरे." त्या रुसल्या. रुसू देत.

खरं सांगते, मीही काही कमी नाही. एकोणीस तारखेला वाटलं होतं, जाऊ दे, म्हणावं मागवा कॉइल. पण ह्यांचा चेहरा जिंकल्यासारखा झाला असता, आणि तो मला बघवला नसता. म्हणून दुपारी देवळात जाते सांगून फ्रीगंजच्या दुकानात गेले आणि नवीन एसी ठरवून आले. दुकानदार म्हणाला, "सीजन है, पच्चीस को भिजवा देंगे." पंचवीस म्हणजे चोवीसच्या पुढे. पण एका दिवसाने काय होतंय, डॉक्टर काही घड्याळ घेऊन बसत नाहीत, अशी मनाची समजूत घातली. श्रुतीला फोनवर हळूच सांगितलं, "बाबांना बोलू नकोस हं." ती म्हणाली, "बरं."

पंचवीसला सकाळी दहा वाजता टेम्पो दाराशी लागला. दोघं जण भलामोठा खोका घेऊन आत आले. मी त्यांना मागच्या खोलीकडे घेऊन गेले, तर तिथे हे खुर्चीवर बसून वर बघताहेत. जुना एसी सुरू आणि खोली अगदी गार! मागच्या जिन्याने रमेश खाली उतरला, हातात पाना. "भाभीजी, कॉइल लग गई," म्हणाला, आणि खोका बघून तिथेच थांबला.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"हे काय?" मी विचारलं.

ह्यांनी एकोणीसलाच गपचूप रमेशला फोन करून कॉइल मागवली होती. मी देवळात गेले होते तेव्हा. ती इंदौरहून सहा दिवसांनी, पंचवीसलाच आली. टेम्पोवाला विचारायला लागला, कुठे लावायचं? मला हसावं की रडावं कळेना. पण म्हटलं, मरू दे, खोली तर गार झाली. खोका हॉलमध्ये ठेवायला लावला आणि पहिला फोन श्रुतीला केला. स्पीकरवर, ह्यांनाही ऐकू यावं म्हणून.

"बाळा, तिकीट काढ! एक सोडून दोन एसी झालेत तुझ्यासाठी."

"माहितीये," ती म्हणाली.

"माहितीये म्हणजे?"

"तू सांगितलंस, बाबांना सांगू नकोस. बाबांनी सांगितलं, आईला सांगू नकोस. नाही सांगितलं."

"अगं मग बोलायचं नाही का?"

"आई, काल डॉक्टरांकडे जाऊन आले. प्रवास बंद. सासूबाई परवा येताहेत नाशिकहून, बाळंतपण त्याच करतील."

मी पलंगावर बसले. "असं कसं बंद? आधी तरी सांगायचंस, श्रुती! मी उभ्या उभ्या तुला घ्यायला आले असते."

"रोज सांगत होते. चोवीस तारीख, चोवीस तारीख. तुम्ही फोन घेऊन एकमेकांबद्दलच बोलत होतात." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

"बरं, आम्ही येतो तिकडे," हे घाईने म्हणाले. "मी आणि आई, उद्याच्या गाडीने."

"दोघं नको, बाबा."

"म्हणजे?"

"दोघांपैकी कुणीतरी एक या. कुणीही चालेल. एकच. दोघं एकदम इथे मला नाही झेपणार आता."

मला एकदम रडू फुटलं. हेही खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. गेला महिनाभर त्यांनी गच्चीवर बसून श्रुतीचा जुना पाळणा घासून रंगवला होता. नातवंडाची हौस त्यांना माझ्याहून जास्त, हे मला ठाऊक होतं.

"तुम्ही जा," मी डोळे पुसत म्हटलं.

"मी जाऊन काय करू? बाळंतपणात माझा काय उपयोग? तू जा."

"मी म्हणतेय ना, तुम्ही जा. मनापासून म्हणतेय."

"मनापासून म्हणतेस आणि मग वर्षभर ऐकवशील. तू जा."

"मी कधी ऐकवलं? सांगा ना, कधी ऐकवलं?"

"हे आत्ता काय चाललंय मग?"

"अहो, मी तुमच्याच भल्याचं बोलतेय आणि तुम्ही..."

"बघा," फोनमधून श्रुती म्हणाली.

आम्ही दोघं फोनकडे वळलो, तोवर तिने तो ठेवून दिला होता.