पहिलीच्या बाईंचा मास्क

सोमवारपासून शाळेत मास्क ऐच्छिक, असं मुख्याध्यापिकाबाईंनी बैठकीत सांगितलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. चित्रकलेच्या बाईंनी तर आपला मास्क तिथल्या तिथे कचऱ्याच्या डब्यात टाकला. टाळ्या पहिलीच्या बाईंनीही वाजवल्या, पण त्यांचा मास्क जागचा हलला नाही.

घरी नवरा होता. त्याची किडनी बदलून वर्षही झालं नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, साथ पुरती ओसरेपर्यंत घरात साधी सर्दीसुद्धा शिरता कामा नये. आणि नवऱ्याने बजावलं होतं, "शाळेत कुणाला सांगू नकोस. मला कुणाची कीव नको."

सोमवारी वर्गात पाऊल टाकलं आणि बाई दारातच थबकल्या. ही सगळी पोरं कुणाची? कुणाचे पुढचे दात पडलेले, कुणाच्या हनुवटीवर तीळ. नुसते डोळे पाहून ज्यांना शिकवलं, त्यांची ओळख आवाजावरून पटवावी लागली. एक चिमुरडी म्हणाली, "बाई, आता तुमचं तोंड दाखवा ना!"

"माझा मास्क चिकटलाय गं," बाई म्हणाल्या. वर्ग खिदळला.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत लांब लांब ठेवलेली टेबलं पुन्हा जोडली गेली. बाई डबा घेऊन गच्चीच्या जिन्यावर जाऊन बसल्या. चित्रकलेच्या बाई सुरुवातीला रोज हाक मारायच्या. "अगं, किती घाबरशील? जग कुठल्या कुठे गेलं!" मग हाका थांबल्या. भारीच जपते बाई जिवाला, असं कुणीतरी म्हणालं, ते कानावर आलंच.

पुढे पालकांची तक्रार आली. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं. वाईट काही बोलल्या नाहीत.

"सक्ती नाही, तुम्हाला माहीत आहे. पण पहिलीची मुलं आहेत हो. 'ळ' म्हणताना जीभ कुठे लागते ते दिसलंच नाही, तर शिकणार कशी? काही अडचण आहे का?"

बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. "नाही," त्या म्हणाल्या.

"मग तुम्हीच सांगा, काय करू?"

"मला ग्रंथालय द्या."

ग्रंथालय मागच्या इमारतीत होतं. पाळी असेल तो वर्ग रांगेने यायचा, पुस्तकं घेऊन जायचा. उरलेला वेळ बाई पुस्तकांना कव्हरं घालत बसायच्या. घरी नवरा आपल्या खोलीच्या दाराशी खुर्ची ओढून विचारायचा, "आज काय केलं तुझ्या पोरांनी?" बाई काहीतरी रचून सांगायच्या. तो पोट धरधरून हसायचा. एका संध्याकाळी बाईंनी काहीच रचलं नाही.

"माझ्याकडे वर्ग नाही आता," त्या म्हणाल्या.

त्याने मान खाली घातली. "माझ्यापायी?"

"मास्कपायी."

"सांगून टाक उद्या सगळ्यांना. माझी लाज मी बघून घेईन."

दुसऱ्या दिवशी बाईंनी चित्रकलेच्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आधी बोलायचं नाही होय गं?" पर्स उलथीपालथी करून त्यांनी एक चुरगळलेला मास्क शोधून काढला आणि डबा घेऊन जिन्यावर आल्या, अंतर ठेवून बसल्या. दोन-चार दिवस आल्या. मग खाली कुणाचा तरी वाढदिवस होता, मग पेपर तपासायचे होते. वर्ग तर दुसऱ्या बाईंकडे गेला तो गेलाच.

बाईंना राग आला नाही. त्यांनी एकटीने डबा संपवला, गच्चीचं दार लोटलं आणि ग्रंथालय उघडायला निघाल्या. त्या दिवशी कुठल्याच वर्गाची पाळी नव्हती.