पट्टीपुरती काच

"ही पट्टी कुणी लावली इथं?"

कडुबा फरकाडे खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघराच्या दारासमोर उभे होते. उजवा हात अजून नीट उठत नव्हता, म्हणून डाव्या हाताचं नख ते दाराच्या दुधी काचेवरून फिरवत होते. काच बाहेरच्या बाजूने खरखरीत होती. नख करकरत पुढे गेलं आणि एका जागी सुळकन घसरलं. तिथे रुंद, पारदर्शक चिकटपट्टीचा आडवा तुकडा लावलेला होता, बोळातल्या अंधुक उजेडात सहज नजरेला न येणारा.

स्वयंपाकघरातला त्यांच्या बायकोच्या, साळूबाईंच्या भांड्यांचा आवाज थांबला. कामाला येणारी सत्यभामा हॉलमध्ये फरशी पुसत होती, तिने मान वर केली.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, काच तडकली असेल म्हणून चिकटवलंय. पण कडुबांनी उभा जन्म मोंढ्यातल्या दुकानात काच विकली होती. दुधी काचेच्या खरखरीत बाजूला अशी पट्टी लावली की तेवढ्या जागेतून आरपार दिसायला लागतं. दुकानात गिऱ्हाइकांना ते हीच गंमत करून दाखवायचे. खरखरीत बाजू आत आली तर पाणी उडूनही तेच होतं, म्हणून घरचं दार त्यांनी स्वतः उभं राहून, गुळगुळीत बाजू आत घेऊन बसवून घेतलं होतं. आता कुणीतरी बाहेरून पट्टी लावून त्यांना आंघोळ करताना बघत होतं.

कडुबा मुळातच संशयी. ट्रकवाला जर म्हणाला, "सेठ, एक बी नै फूटा," तर त्याच पेटीतली काच न् काच ते उन्हात धरून बघत. पुढे पुढे माणसांकडेही ते तसंच बघायला लागले. घर बांधलं तेव्हा सिडकोतल्या त्या गल्लीत कुणाच्या घरात नसतील एवढ्या तऱ्हेच्या काचा त्यांनी बसवल्या, आणि प्रत्येकीमागे एकेक संशय होता. जिन्यावरच्या झरोक्याला तारेची जाळी घातलेली काच, कारण साधी काच फुटली की तुकडे डोक्यावर येतात. स्वयंपाकघराच्या खिडकीला नागमोडी रेषांची, कारण आज काय शिजलं ते शेजाऱ्यांना कशाला कळायला हवं? हॉलच्या खिडकीला मात्र खास काच होती. दिवसा बाहेरून आरसा, आतून सगळी गल्ली.

त्या काचेआड त्यांची खुर्ची. दुकान बंद झाल्यापासून दिवस तिथेच जायचा. दूधवाला सांडू काचेत बघून भांग पाडायचा, कॉलेजच्या पोरी ओढण्या सारख्या करायच्या, आणि आत बसलेले कडुबा मनात म्हणायचे, बघा, लोकांना वाटतं आपल्याला कुणी बघत नाही. दिवे लागले की ती काच उलटते, आतलं बाहेर दिसायला लागतं. म्हणून आधी पडदा आणि मग दिवा, असा घरात दंडकच होता.

न्हाणीघराचं दार त्यांचं सगळ्यात लाडकं. आधी दुधी करून मग भट्टीत कडक करून आणलेली जाड काच. गेल्या दिवाळीत त्याच दाराआड, आतून कडी लावलेली असताना, त्यांना अर्धांगाचा झटका आला. साळूबाई बाहेरून वरवंटा मारत राहिल्या आणि काच फुटेना. आत खाली पडलेला एक पांढुरका आकार तेवढा त्यांना दिसत होता. शेवटी शेजारच्या दत्तोपंतांनी बिजागऱ्यांचे स्क्रू काढले तेव्हा दार निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे कडी लावायची नाही. पुण्याहून मुलगा इंद्रजीत म्हणाला, दारच बदलून टाकतो. कडुबांनी दोघांनाही उडवून लावलं. जेवणाचा घास, सदऱ्याची गुंडी, चपलेचा पट्टा, सगळ्याला आता दुसऱ्याचा हात लागत होता. आंघोळ तेवढी त्यांची स्वतःची राहिली होती. ती ते कडी लावूनच करणार होते.

खुर्चीत बसून त्यांनी हिशेब जुळवला. पट्टी कमरेच्या थोडी वर होती. तिथून बघायचं तर माणसाला वाकावं लागणार. साळूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना पडलेला चमचा उचलता येत नव्हता. इंद्रजीत पुण्यात. उरली सत्यभामा, जी रोज त्याच बोळात वाकून फरशी पुसायची. आणि आंघोळीला जाताना कडुबा बोटातली अंगठी काढून आतल्या कोनाड्यात ठेवत. सगळं कसं नीट बसलं. संशय एवढा चपखल बसला की त्यांना जरा बरंच वाटलं.

"सत्यभामा, इकडं ये."

ती हात पुसत आली.

"अंगठी कुठं ठिवतो ते बघायचं होतं का?"

तिला आधी कळलंच नाही. मग तिने दाराकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या साळूबाईंकडे बघितलं. साळूबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं.

"बाबा," सत्यभामा सावकाश म्हणाली, "सासऱ्याला मरंस्तोवर म्या या हातानं आंघोळ घातली. म्हाताऱ्या माणसाला बघायला मला फटीतून बघायची गरज नाय."

"मग कुणी लावली?"

"ते मी कशाला सांगू?" तिने बादली मोरीत रिकामी केली, फडकं पिळून दोरीवर टाकलं. "रोज तुमचं आखडलेलं बोट न् बोट सरळ करते मी. चोरायची असती तर अंगठी तवाच काढली असती. येते, आई."

कडुबा आपल्या काचेआड जाऊन बसले. फाटकाबाहेर सत्यभामा थांबली आणि खिडकीकडे वळून उभी राहिली. ही काच रोज तीच पुसायची. आत कोण बसलंय हे तिला ठाऊक होतं. तिने भांग पाडला नाही की पदर सारखा केला नाही. नुसतं बघितलं आणि गेली. कडुबांनी नजर दुसरीकडे वळवली.

दुपारी त्यांनी एका हाताने पट्टी सोलून काढली. तिचा चिकटपणाही थिनरने पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कडी लावली, चष्मा काढून ठेवला आणि स्टुलावर बसले. बाहेर रोजच्यासारखा शेंगा फोडल्याचा आवाज येत होता. तांब्याच्या आवाजातही तो कट्कन ऐकू यायचा. मग ते स्टूल बादलीजवळ सरकवून बसले तसा तो थांबला, पण त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. घरात दाण्याचे डबे गळ्यापर्यंत भरलेले होते, इंद्रजीत आला की पिशवीभर दाणे घेऊन जायचा. एवढे दाणे कुणासाठी, असा संशय काही या संशयी माणसाला कधी आला नव्हता.

बाहेर आल्यावर त्यांनी खात्री करायला काचेवर नख फिरवलं. करकर, करकर, आणि सुळकन.

पट्टी पुन्हा तिथेच होती. घरात तर दोघांशिवाय कुणी नव्हतं.

साळूबाई बोळात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात शेंगा.

"ऊठ," कडुबा म्हणाले.

त्या भिंतीला धरून उठल्या. कडुबा त्यांच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी समोर बघितलं. पट्टी बरोबर डोळ्यांसमोर आली. वाकायचं कुणाला कामच नव्हतं. पट्टीतून आतली भिंत, साबणाचा कोनाडा आणि स्टुलावर बसलेल्या माणसाचं डोकं येईल एवढीच जागा दिसत होती. त्याखालचं काही दिसत नव्हतं.

"कवापासून?"

"दवाखान्यातून आलात तवापासून." साळूबाई म्हणाल्या. "डोकं वर दिसलं की बास. मला दुसरं काय बघायचंय? त्या दिवशी वरवंटा मारून मारून माझा हात सुजला होता, आन् तुमची काच हालत पण नव्हती. आत जितं हाय का मेलं, कायबी कळंना."

"मला सांगायचं."

"सांगून ऐकलं असतं? दिसभर काचंआड बसून सगळ्या गल्लीवर नजर ठिवता. मी एक माणूस बघितलं तर लगेच चोरी झाली."

भलतंच लागलं ते कडुबांना.

"आन् सत्यभामा?" ते म्हणाले. "काल तू का नाय बोललीस?"

साळूबाई आता रडायला लागल्या. "भ्याले मी. मी बोलले असते तर तुम्ही मलाच इथं बसू दिलं नसतं. तिला समदं ठाव होतं. माझी खुर्ची सरकवूनच पुसायची की ती. संध्याकाळी फोन केला तर म्हणाली, आई, रडू नका, पट्टी तेवढी परत लावा."

खुर्चीतूनच कडुबांनी साळूबाईंना सत्यभामेला फोन लावायला सांगितला. आयुष्यात त्यांनी कुणाची माफी मागितली नव्हती; फुटकी काच बदलून देत, पण शब्दाने कधी मागितली नव्हती.

"सत्यभामा, मी बोलतोय. चुकलं माझं. लई चुकलं."

पलीकडे क्षणभर कुणाच्या तरी घरच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"असू द्या, बाबा."

"उद्यापासून ये."

"नाय येत. मुकुंदवाडीत एक आजी हायत, त्यांच्याकडं लागले आजपासून." ती जरा थांबली. "बोटं रोज सरळ करत जा. करंगळीला जास्त वेळ द्या, ती लवकर आखडती."

तिने फोन ठेवला. कडुबांनी डाव्या हाताने उजवी करंगळी धरली. ती खरंच आत वळली होती.

मग ते दाराशी गेले. साळूबाईंनी घाईघाईत लावलेली पट्टी एका बाजूने सुटली होती, आत हवेचे फुगे राहिले होते. त्यांनी ती ओढून काढली. साळूबाईंचा चेहरा उतरला.

"पट्टी आण," कडुबा म्हणाले. "कोरडं फडकंबी आण. ओलसर काचंवर धरत नाय ती."

एक टोक साळूबाईंनी धरलं, दुसरं त्यांनी. डाव्या अंगठ्याचं नख मधून कडेकडे नेत त्यांनी एकेक फुगा बाहेर काढला. पूर्वी दुकानाचं नाव काचेवर चिकटवताना काढायचे तसाच. काच स्वच्छ झाली. आतला साबणाचा लाल तुकडासुद्धा नीट दिसायला लागला.

"आज मधीच बादलीकडं सरकलात तुम्ही," साळूबाई हळूच म्हणाल्या. "तसं बसलं की दिसत नाय. मग मी नुसती पाण्याचा आवाज ऐकत बसते. ऐकता यावं म्हणून शेंगापण फोडत नाय."

दुसऱ्या सकाळी कडुबा आत गेले. कडी लावली. चष्मा कोनाड्यात ठेवला. स्टूल बादलीजवळ होतं. ते त्यांनी पायाने ढकललं, जरा थांबून अजून ढकललं आणि काचेकडे तोंड करून बसले. चष्म्याशिवाय त्यांना फक्त पट्टीएवढी उजेडाची रेघ दिसत होती, आणि रेघेत साळूबाईंच्या पदराचा हिरवा रंग.

त्यांनी पहिला तांब्या डोक्यावर ओतला. पाणी अंगावरून खाली गेलं, आवाज थांबला. ते मान ताठ ठेवून तसेच बसून राहिले.

बाहेर शेंग फुटली.