काटेरी बीजाणूंची अळंबी

मित्रांनो, मी एक जुनी, वाळून बटणाएवढी झालेली अळंबी आहे. संग्रहालयाच्या एका खणात, कागदी पाकिटात माझा मुक्काम असतो.

लाकडाच्या वखारीमागे एका कुजक्या ओंडक्यावर मी उगवले. अळंब्यांचा अभ्यास करणाऱ्या एका जोडप्याने मला तिथून खुडून आणले. सरांनी मला उलटे करून छत्रीखालचे पातळ पडदे पाहिले आणि एका मोठ्या प्रजातीत माझी भरती करून टाकली. प्रजाती म्हणजे आमचे आडनावच म्हणा ना! खणातल्या इतर अळंब्या त्याच आडनावाच्या. दिसायला आम्ही सारख्या, पण मला मात्र तिथे पाहुण्यासारखे वाटायचे.

बाईंनाही ते पटले नव्हते. त्यांनी माझा केसाएवढा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्या प्रजातीचे बीजाणू, म्हणजे धुळीएवढ्या बियाच म्हणा, गुळगुळीत असतात. माझे काटेरी निघाले. सर म्हणाले, एकीवरून घराणे ठरत नाही, अशीच आणखी एक दाखव. त्यांचेही खरेच होते. बाई चिडल्या नाहीत, हट्टाला पेटल्या. दर पावसाळ्यात त्या वखारीमागचे ओंडके पालथे घालत आणि रिकाम्या हातांनी परतत. सर चहा करून ठेवत.

मधेच खणात ओल शिरली. किड्यांनी माझी कड कुरतडली. संग्रह सांभाळणारे म्हणाले, हिच्यात आता राहिलेय काय, टाकून द्या. बाईंनी मला वाळवले, साफ केले आणि नव्या पाकिटात ठेवले.

पुढे दोघांचेही केस पिकले. एका सकाळी बाई धापा टाकत आल्या. ओंजळीत ताजी अळंबी होती. या खेपेस काप सरांनीच घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली तो पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला.

"काटेच आहेत गं," ते म्हणाले. "मी हिला परक्या घरात डांबून ठेवलं."

"डांबलं कसलं? पाहुणी म्हणून राहिली," बाई म्हणाल्या. "आता नाव सुचवा."

नव्या प्रजातीला बाईंचे नाव द्यायचे सरांच्या मनात होते. बाई म्हणाल्या, आपलाच डंका आपण पिटायचा का? शेवटी काट्यांवरूनच नाव ठरले.

आता कुणालाही तशी अळंबी सापडली, की ती माझ्याशी ताडून पाहतात. परवाच दूरवरून एक आली. रंगाने फिकी, पण बीजाणू काटेरी. आता ती माझ्या शेजारीच असते. घराणे वाढते आहे.

मित्रांनो, जुन्या नमुन्यांना कोरड्या जागी जपा. आणि नाव द्यायचे असो की नावे ठेवायची, आधी जरा जवळून बघा.